हळदीकुंकवाला कैरोची राणी

परदेशात, ल्यूकन गावातल्या घरी रुचाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि तिचे सासरे मोरेश्वर त्यात दहा मिनिटं बोलणार होते. 'इजिप्तची सुलताना आणि इतर मुस्लिम राण्या' असा विषय रुचाने ग्रुपवर परस्पर टाकूनही दिला होता. मोरेश्वरांची सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती.

सकाळी त्यांनी बायकोला, पद्मिनीबाईंना, भाषण म्हणून दाखवलं. इजिप्तची शजर अद्-दुर : शत्रू दारात असताना सुलतान वारला, तिने ते लपवून फौज टिकवली. येमेनची अरवा : नवऱ्यामागे कित्येक वर्षं राज्य केलं.

"अहो, एकीचाही नवरा जिवंत नाही!" तिळाच्या वड्या डब्यात भरता भरता पद्मिनीबाई म्हणाल्या. "सवाष्णी जमणार, आणि तुम्ही विधवांची पोथी सोडणार?"

मोरेश्वरांचं अवसानच गेलं. एवढं वाचलं, पण हे काही ध्यानात आलं नव्हतं.

"जुबेदा चालेल? बगदादची. नवरा खलिफा, चांगला धडधाकट. तिने यात्रेकरूंसाठी विहिरी खोदवल्या."

"विहिरी चालतील."

दुपारी त्या विहिरी पाच मिनिटांतच आटल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रुचा वाण आणायला उठली, तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून विद्या म्हणाली, "काका, इजिप्तची राहिलीच की. तिच्यासाठी ड्यूटी बदलून आलेय मी, मलिंगारहून."

विद्या तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला होता. रुचाने तिला बोलावलं होतं ते 'भाषणाला ये' म्हणून. हळदीकुंकवाचं नाव काढलं नव्हतं.

मोरेश्वरांनी बायकोकडे पाहिलं. पद्मिनीबाई वड्यांकडे पाहत होत्या.

"ती... आजच्या दिवसाला बरी दिसत नाही."

"का? असं काय केलं तिने?"

"केलं काही नाही. नवरा गेला तिचा."

रुचा परत खाली बसली.

"नवरा गेला इथपर्यंतचं मला ठाऊक आहे, काका," विद्या म्हणाली. "पुढचं सांगा."

मोरेश्वर पुन्हा उभे राहिले. आवाज कापत होता, तो तसाच कापत राहिला. गाडी लांब लावलीय म्हणत दोघीजणी उठून गेल्या. मोरेश्वरांनी सांगितलं : सुलतान आजारी आहे एवढंच तिने बाहेर कळू दिलं. त्याच्या सहीने हुकूम सुटत राहिले. त्याच्या तंबूत रोज जेवणाचं ताट जात राहिलं. फ्रान्सचा राजा कैद झाला, आणि पुढे मशिदीत शुक्रवारी राज्यकर्ती म्हणून तिच्या नावाने प्रार्थना झाली.

"पण ते ताट?" पद्मिनीबाईंना राहवेना. "आतलं जेवण खायचं कोण?"

"ते काही मी वाचलेलं नाही," मोरेश्वर ओशाळून म्हणाले.

"तीच खात असेल," विद्या म्हणाली. "भूक लागतेच."