वहिनीच्या हातातली काठी

मी गळाची काठी बोलतेय. काठी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बांबू येतो, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. मी बांबूची नाही, कार्बनच्या कापडाची आहे. कारखान्यात ते पातळ काळं कापड एका पोलादी सळईवर घट्ट गुंडाळलं, भट्टीत भाजलं आणि मग सळई ओढून काढली. जी पोकळ राहिली ती मी. खाली धरायला बुचाची मूठ बसवली. मग एका कामगार बाईने माझ्या अंगावर दोरा ओवायच्या नऊ कड्या ठेवून प्रत्येकीचे पाय रंगीत दोऱ्याने बांधले आणि वरून वार्निशचा हात दिला. उंची साडेसहा फूट, शेंडा चपळ, कंबर ताठ. मधोमध माझे दोन तुकडे होतात, म्हणजे प्रवासाला बरं.

माझा जन्म एकाच माशासाठी. त्याला बास म्हणतात. हिरवट अंगाचा, मोठ्या तोंडाचा, बुडालेल्या झाडाच्या सावलीत दबा धरून बसणारा आणि एक नंबरचा संशयी. तो आमिषावर तुटून पडतो असं लोक सांगतात, पण बरेचदा तो आमिष नुसतं तोंडात ओढून घेतो, चाखतो आणि नाही आवडलं तर थुंकून टाकतो. तेवढ्या वेळात ज्याला कळलं त्याचा मासा.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. त्याला नाद लागला तो मासेमारीचा नव्हे, मासेमारीच्या सामानाचा. रबरी गांडुळं रंगांप्रमाणे लावलेली, शिशाचे तुकडे वजनाप्रमाणे, कात्र्या, चिमटे, खिसे मोजता येणार नाहीत असं जाकीट. एवढ्या तयारीने तो दोनदा तळ्यावर गेला. दोन्ही वेळा त्याने मला झाडात अडकवलं आणि झाडाला दोष दिला. मग सहा वर्षं मी त्याच्या गॅरेजमध्ये शिडीच्या मागे उभी होते. उभ्या उभ्या अंगावर कोळ्यांची जाळी धरली. आपण कशासाठी आहोत हे माहीत असून नुसतं उभं राहायचं, याचं दुःख मला नीट सांगता येणार नाही.

शेवटी त्याने आपली छोटी होडी विकली आणि तिच्यात टाकून मलाही देऊन टाकलं. होडी घेतली ती ताईने. ताई म्हणजे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारी, साठीला टेकलेली, आडव्या बांध्याची बाई. तिच्याकडे स्वतःच्या चार काठ्या होत्या. मला पुसून तिने शेंडा वाकवून बघितला आणि म्हणाली, "तू वहिनीला बरी आहेस." वहिनी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. तेव्हापासून मीही तिला वहिनीच म्हणते.

वहिनी ताडपत्र्या शिवायची. लॉरीवर टाकायच्या, मंडपाच्या, होडीवरच्या. एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस मशीनं एकदम चालायची आणि त्या धडधडाटात तिने सव्वीस वर्षं काढली. त्या धडधडाटाने तिचे कान खाल्ले. कानाला लावायचं यंत्र घेऊन झालं, पण त्यातून नुसता गोंगाट मोठा होऊन येई, शब्द येत नसत. एक दिवस मागून माल उचलणारी गाडी भोंगा वाजवत आली, वहिनीला तो ऐकू आला नाही, आणि थोडक्यात निभावलं. मुकादमाने तिला घरी बसवलं.

घरी बसली ती बसलीच. शेजारणीकडे जाईना, कारण दर वाक्याला "काय म्हणालात?" विचारायची लाज वाटे. हळूहळू लोक तिच्याशी बोलायचे थांबले आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलू लागले. यात सगळ्यांत पुढे तिचा नवरा होता. लांब पल्ल्याची बस चालवणारा, बायकोवर जीव असलेला सरळ माणूस. पण घरी आला की भेटायला आलेल्या ताईला विचारायचा, "ती जेवली का?" वहिनी समोर उभी असायची. माणसांची ही सवय मला कधीच कळली नाही. कान गेले म्हणून माणूसच खोलीतून गेलं असं कसं समजतात?

त्याचीही बाजू होती. तो दोन-दोन दिवस गाडीवर. मागे दार वाजलेलं तिला कळत नसे, कुकरच्या शिट्ट्या कळत नसत. म्हणून त्याने ठरवलं होतं की तिला मुलीकडे नेऊन ठेवायचं, दुसऱ्या गावी. मुलीने वरची खोली रिकामी करून ठेवली होती. वहिनीला घर सोडायचं नव्हतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

अशा वेळी ताईने मला तिच्या हातात दिलं. वहिनीने काय केलं असेल? तळ्याकडे बघितलं नाही की माझ्या मुठीजवळच्या, दोरा गुंडाळायच्या रिळाकडे नाही. मला उजेडात धरून कड्यांवरचे दोऱ्याचे वेढे नखाने तपासले. एकावर एक चढलेला नाही, मध्ये फट नाही. तिने मान डोलावली. माझ्या जन्मापासून ते वेढे कोणी बघितले नव्हते. त्या क्षणाला मी तिची झाले, हे कबूल करायला मला संकोच नाही.

शिकायला लागली तेव्हा काही गोष्टी तिला येतच होत्या. रबरी गांडुळात गळ असा लपवायचा की टोक आत राहावं आणि पाणगवतात अडकू नये, हे जमायला नवख्यांना महिना लागतो. वहिनीने पहिल्याच सकाळी जमवलं. शिवण बाहेरून दिसू नये म्हणून आयुष्यभर धडपडलेला हात तो. गाठ मात्र ती कोरडी ओढायची, आणि तंगूस, म्हणजे मासे धरायचा तो पारदर्शक दोरा, कोरडा ओढला की घासून कमजोर होतो. ताईने एकदा गाठ ओठात ओली करून दाखवली. पुन्हा सांगावं लागलं नाही. फेकण्याचं म्हणाल तर पहिले आठ दिवस तिने झुडपं, धक्क्याचा खांब आणि ताईची टोपी अशी शिकार केली. टोपी दोनदा. पण डॉक्टरासारखा तिने झाडाला दोष दिला नाही. ती मुकाट्याने सोडवायची आणि पुन्हा फेकायची. दुसऱ्या आठवड्यात आमिष बुडालेल्या झाडाच्या फांदीशी वीतभर अंतरावर पडू लागलं, तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. खरं तर तिचा वाटायला हवा होता.

आणि मग ती चूक झाली. रिळाच्या पुढे एक चकती असते. मासा जोरात ओढायला लागला की ती थोडा थोडा तंगूस सोडते, म्हणजे तो तुटत नाही. ताई रोज सकाळी ती नेमकी लावून द्यायची. वहिनी रोज, ताईची पाठ वळली की, ती गच्च आवळायची. तिच्या मशीनवरही अशीच चकती होती. ती सैल राहिली तर ताडपत्रीच्या खालून दोऱ्याचे फास लोंबतात आणि मुकादम ओरडतो. सैल चकती बघून तिच्या हाताला चैनच पडत नसे.

एका सकाळी मोठा बास लागला. मी कमानीसारखी वाकले, चकती हलेना, मी माझ्या परीने ओरडत होते, पण मी काय करणार? तंगूस तुटला आणि वहिनी मागच्या मागे धक्क्यावर बसली. ताई धावत आली, चकती बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं, मी सुटतानाचा आवाज ऐकून लावते ती. करकर वाजायला हवी."  करकर वहिनीला ऐकू येणार नव्हती. पंधरा दिवस आपण हिला आवाजावरून शिकवतोय, हे त्या शहाण्या बाईला तेव्हा उमगलं.

मग ताईने वहिनीचा डावा तळवा रिळाखाली ठेवला आणि स्वतः मासा झाली. तंगुसाचं टोक हातात धरून धक्क्यावरून चालू लागली. कधी हळू, कधी पळत. चकती सुटायची ती थरथर मुठीतून वहिनीच्या तळव्यात जायची. साठीची बाई धक्क्यावर मासा होऊन पळतेय, हे बघून होडीवाले तोंडात बोट घालून उभे. वहिनीने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने तिने चकती अर्धा आटा सैल केली, मग पाव आटा आवळली आणि म्हणाली, "ही मलमलीची. मी ताडपत्रीची लावत होते." त्यानंतर तिची चकती कधी चुकली नाही.

तिथून पुढे मी तिला जे सांगितलं ते सगळं तिला कळलं. हे दगड, हे गवत, ही फांदी, ही लहान मासोळी नुसती चावतेय. डॉक्टर दोन्ही वेळा गप्पाच मारत बसला होता, माझं सगळं बोलणं वाया गेलं. वहिनीचं सगळं लक्ष तळव्यात आणि पाण्यावरच्या तंगुसात. शिवणीची रेघ बघणारी नजर ती. तंगूस केसभर बाजूला सरकला तरी तिला दिसायचा.

महिनाभराने नवरा सुट्टीच्या सकाळी तळ्यावर आला. वहिनी धक्क्याच्या टोकाला पाठमोरी उभी होती. तो ताईजवळ जाऊन म्हणाला, की येत्या रविवारी तिला पोचवतो, तू तिला सांग. ताईने मान वळवून वहिनीकडे बघितलं. त्याच वेळी वहिनीही मागे बघत होती. ताईचा चेहरा बघून तिला काय ते कळलं. 

आणि अशा भलत्या वेळी एका बासने आमिष तोंडात घेतलं. नुसता एक टिचकीएवढा धक्का. मी सांगितलं, तिने ऐकलं. ढिला तंगूस गुंडाळून तिने मला झटक्यात वर उचललं आणि गळ बसला. मासा पाण्याबाहेर उसळला. ताईने नंतर सांगितलं की इतका मोठा त्या तळ्यात तिने चारदाच बघितला होता. नवरा धावत आला, "ओढ, ओढ" म्हणत मला धरायला हात घातला. वहिनीने कोपराने तो बाजूला केला.

"हात काढा," ती म्हणाली. "त्याला पळू द्या. दमला की येईल."

मासा उसळला की ती माझा शेंडा खाली करायची, झाडाकडे वळला की मला आडवी धरून त्याला परत फिरवायची. तळवा रिळाखाली. चकती सुटत होती, थांबत होती, पुन्हा सुटत होती. नवरा हात लोंबते सोडून बघत राहिला. सव्वीस वर्षं ही बाई काय ताकदीचं काम करत होती, ते त्याने शेडमध्ये जाऊन कधी बघितलं नसावं. शेवटी मासा कुशीवर आला. तिने वाकून त्याचा खालचा ओठ अंगठ्यात धरला, गळ काढला, जरा वेळ त्याला पाण्यात तसाच धरला आणि सोडून दिला.

मग हात पुसत ती उभी राहिली. "मुलीकडे मी जाणार नाही. मला ऐकू येत नाही. कळतं सगळं."

नवरा ताईकडे वळला. "ताई, तू तरी तिला..."

"तिलाच सांग," ताई म्हणाली. "ती समोर उभी आहे."

 तो वहिनीसमोर आला, चेहरा तिच्याकडे केला आणि सावकाश विचारलं, "मी नसताना दार वाजलं तर?" किती दिवसांनी त्याने तिला काही विचारलं होतं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर तयार होतं. ते ती कितीतरी दिवस मनात शिवत बसली असणार.

आता वहिनी घरीच शिवणकाम करते आणि तिच्या मशीनच्या खोलीत मी कोपऱ्यात उभी असते. आठवड्यातून दोनदा आम्ही बसने तळ्यावर जातो, दोघीच. माझी मूठ तिच्या घामाने काळी पडलीय आणि त्याचा मला तोरा आहे. खोलीतून बाहेरच्या दारापर्यंत भिंतीवर पडद्याच्या पितळी कड्या ठोकल्यात आणि त्यांतून तंगूस गेलाय. दाराबाहेर त्याला लाकडी मूठ, आत मशीनसमोर लाल कापडाची पट्टी. कोणी ओढलं की पट्टी हलते. दळण आणणारा एकदाच हिसका देतो, शेजारीण तीन-चार. ती आता रोज येते आणि कागदावर लिहून लिहून भांडते. कुकर वहिनी घड्याळ लावून बंद करते.

तुमच्याही घरात कोणाला ऐकू कमी येत असेल. त्यांच्या डोक्यावरून बोलू नका. समोर या, तोंड दिसू द्या, काहीतरी हातात द्या. मी काठी आहे, मला तोंडही नाही, तरी माझं एक अक्षर तिने वाया जाऊ दिलं नाही.

नवरा दोन दिवसांनी गाडीवरून येतो तेव्हा पट्टी हळूच वर जाते आणि वरच राहते. वहिनी मशीन थांबवते, केस सारखे करते आणि उठते. त्याच्या खिशात दाराची किल्ली असते. तरी तो मूठ धरून बाहेर उभा राहतो, ती येऊन दार उघडेपर्यंत.