फाटकावरची शेवळं

ही गोष्ट २००९ सालच्या जूनमधली. पनवेलच्या कडेला नवे टॉवर उठले होते, पण पालकाच्या एका जुडीसाठी तिथल्या बायकांना रिक्षा करून बाजार गाठावा लागे. म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ यांनी जवळच्या गव्हाण गावच्या भाजीवाल्या रंभाला फाटकाशी बसायची महिनाभर परवानगी दिली. त्या भरवशावर रंभाने बाजारातली आपली जागा नणंदेला देऊन टाकली. नणंद काही ती परत देणाऱ्यातली नव्हती.

भाजी ताजी, भाव बाजाराचाच. तीन आठवडे झकास गेले. मग रंभाने शेवळं आणली, रानातले जांभळट कोंब. प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं फुकट. सुपारीएवढी, हिरवी, आंबट फळं. ती घातली नाहीत तर शेवळांनी घसा खाजतो, हे गव्हाणात कुणी कुणाला सांगत नाही. भातात पाणी घाल, असं कुणी सांगतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथ खाली आले. मागे वीसेक माणसं, सगळी खाकरत.

"बाई, उद्यापासून तुम्ही इथे..." पुढचं खोकल्यात गेलं.

रंभाने विचारलं, "काकडं घातली नाय का तुमी?"

"ती फळं? फेकली. फुकट कोण चांगलं देतं?"

"अरे देवा! भाऊ, औषध दिलं ते कचऱ्यात घातलं, आन् आता माझ्यावर डोले काढताव!"

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून खतीजा ओरडली. ती जुन्या पनवेलची. "दीनानाथभाई, आमच्याकडे सहा जणांनी शेवळं खिम्यात घालून खाल्ली, काकडांसकट. माशाल्ला, सगळे ठणठणीत! रंभा, वर ये. शेगडी रिकामी आहे."

रंभाने शेवळांच्या आतला पिवळा भाग काढला, काकडं ठेचून रस घातला, वर कांदा-खोबरं. पातेलं फाटकाशी आलं, पण हात कुणी पुढे करेना. सगळे सेक्रेटरींकडे बघू लागले. दीनानाथांनी एरंडेल घ्यावं तसा चमचा तोंडात घातला आणि घड्याळ बघत उभे राहिले. पाच मिनिटं झाली. रंभाला ती पाच वर्षांची वाटली.

"एका चमच्यात नीट कळत नाही," ते म्हणाले आणि ताटली मागितली. तिसऱ्या ताटलीला बायकोने ती हातातून काढून घेतली, तेव्हा कुठे त्यांनी जाहीर केलं, "बसू द्या त्यांना. कायमच्या."

रंभा तिथे नऊ वर्षं बसली. गुडघे गेल्यावर सून किशोरी बसू लागली. ती गिऱ्हाइकाला कोथिंबीरसुद्धा कशी चिरायची ते सांगते. नणंदेने बाजारातल्या जागेवर फुलांचं दुकान थाटलं. खतीजा लेकाकडे मस्कतला गेली, बॅगेत वाळवलेली शेवळं घेऊन. दीनानाथ आता सोलापूरला असतात. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, भाजी खा, पण बेतानं.