मेलेल्याचा रविवार

ठक्. ठक् ठक्.

भर दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत वीस माणसं श्वास रोखून बसली होती. १८५० सालचं आमचं अमेरिकेतलं रॉचेस्टर म्हणजे घरोघर टेबलं आणि टेबलागणिक भुतं. आपण मुळाक्षरं म्हणायची, हव्या त्या अक्षरावर आत्मा ठोका देणार. मधे आत्मे बोलावणारी मिसेस स्पिंक, हात टेबलावर पसरून, डोळे मिटून.

आज आला होता माझा भाऊ ओबडाया, वर्षापूर्वी वारलेला. अक्षरं म्हणत होती त्याची बायको, टॅबिथा वहिनी. माडीवर त्यांची लेक फीबी तीन दिवस हिवतापानं फणफणत होती आणि डॉक्टरनं दिलेलं कोयनेल तसंच पडून होतं. ओबडाया हो म्हणाला तरच देईन, हा वहिनीचा हट्ट.

अक्षरं जुळली. ‘रविवारपर्यंत औषध नको. बाईंचं मंतरलेलं पाणी द्या.’

रविवारपर्यंत पोर हातची गेली असती.

"वहिनी, हा ओबडाया नव्हे."

"शंका घेतली की आत्मे रुसतात, बाई," मिसेस स्पिंक मधाळपणे म्हणाली.

"रुसू देत." आम्ही क्वेकर पंथाचे, अहोजाहो आमच्यात कुणालाच नाही. "रविवार हे सूर्यपूजकांचं नाव, म्हणून आम्ही ‘पहिला दिवस’ म्हणतो. जन्मभर पहिला दिवस म्हणणारा माझा भाऊ मेल्यावर रविवार कुठे शिकला? तुझ्या शाळेत?"

"परलोकात भाषा बदलते."

"बदलू दे. तू जोडे काढ आणि पाय या उशीवर ठेव."

बाई कुरकुरली, पण वीस जोडी डोळे रोखलेले. वहिनीनं सगळी अक्षरं म्हटली. पुन्हा म्हटली. ओबडाया गप्प.

मग मी तिचे पाय जमिनीच्या लाकडी फळीवर टेकवले आणि घोटा मुठीत धरला. "आता बोलव."

बाई हटून बसली. शेवटी वहिनीच म्हणाली, "बोलव ना गं."

ठक्. माझ्या मुठीत शीर टणकन उडाली. पायाचा अंगठा फळीला टेकवून मोडायचा, एवढाच काय तो परलोक.

वहिनी ढसाढसा रडली. "मला त्याच्याशी बोलायचं होतं, केझाया."

"मलाही," मी म्हणाले आणि तिला माडीवर नेलं.

मेलेल्यांवर माया जरूर करावी. औषध मात्र जित्यांना विचारून द्यावं. त्या दिवशी घरात शेवटचा ठोका वाजला तो फीबीच्या दातांवर, कोयनेलच्या चमच्याचा.