लोणच्याच्या बरणीतले आसव

मी एक जुनी बरणी आहे, चिनी मातीची, वरून तपकिरी आणि खालून सायीच्या रंगाची. आता मला झाकण नाही. पूर्णगडच्या एका घरामागे पागोळीखाली मी उभी असते आणि माझ्यात साठलेले पाणी कोंबड्या पितात. कोंबड्यांवर माझा राग नाही. त्या तहान लागली की येतात, पाणी पितात आणि जातात. उगाच काही सांगत बसत नाहीत. रागवायला मला माणसे पुरेशी आहेत. मित्रांनो, लोणच्याची बरणी बोलू लागली म्हणजे तुमच्या तोंडाला पाणी सुटले असेल. ते जरा आवरा. माझ्या गोष्टीत कैरीची फोड आहे, मधही आहे, पण ती संपते कडू.

माझा जन्म घाटावरच्या एका कारखान्यात झाला. माती चाळली, मळली, चाकावर चढवली आणि मला पोट, मान आणि तोंड दिले. भट्टी लाल झाली की एक कामगार भोकातून मुठी भरभरून मीठ आत फेकायचा. ते तडतडायचे, त्याची वाफ व्हायची आणि ती वाफ आमच्या अंगाला बसायची. ही माझी चकाकी त्या मिठाची आहे. म्हणजे मिठाशी माझी ओळख लोणच्याच्याही आधीची. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे याच मिठापायी एका बाईचे हसे झाले.

गवतात गुंडाळून मला लांज्याच्या बाजारात आणले. तिथे मला यमुनाबाईने घेतले. तिचा नवरा भट्टीची दारू प्यायचा, आणि मला घरी आणल्यावर वर्षभरात त्यातच गेला. मागे राहिली ती आणि लहानगी तुळसा. यमुनाबाई कुणापुढे रडत बसली नाही. तिने कैऱ्या फोडल्या, मला भरले आणि एसटी स्टँडवर लोणचे विकायला बसली. तिचे काम पाहण्यासारखे होते. आधी मला राखेने घासायची, उन्हात वाळवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरीवर पालथी घालायची. फोडी भरल्या की झाकण लावून वर फडक्याचा दादरा असा गच्च आवळायची की मुंगीलाही वाट मिळू नये. माझ्यातले लोणचे कधी नासले नाही. तुळसा त्या लोणच्यावर मोठी झाली.

तुळसाचे लग्न पूर्णगडच्या आनंदाशी ठरले तेव्हा यमुनाबाईने मला तिच्या सामानात ठेवले आणि माझ्या तळाशी मूठभर मीठ घातले.

"लेकीला रिकामी बरणी देव नये," ती म्हणाली. "आणि ह्या बघ तुळशे, तुज्या बापसानं घरातलं सगळं इकलान. ही मी त्येच्या हाताला लागू दिली नाय."

वाटेत बसच्या प्रत्येक खड्ड्याला तुळसाने मला पोटाशी धरले.

पूर्णगडात तुळसाच्या हाताला यश आले. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की मासळी बंद. मग पेजेबरोबर तोंडी लावायला काय, तर माझ्यातली फोड. शेजारची बकुळा रोज वाटी घेऊन दारात. पाहुणे आले की, कुणाकडे बारसे असले की, तुळसाच्या लोणच्याला बोलावणे असायचे. आनंदा जहाजावर भटारखान्यात कामाला होता. गेला की वर्ष वर्ष तोंड दिसत नसे. त्यामुळे वाडीत लोक त्याला तुळसाचा नवरा म्हणून ओळखायचे. हे त्याला आवडायचे असे मला कधी वाटले नाही. मला मात्र फार आवडायचे.

पुढे खादी-ग्रामोद्योगवाल्यांकडून तुळसा मधमाश्या पाळायला शिकली. घरामागे काजूखाली तिने दोन पेट्या ठेवल्या. माश्या तिला डसत नसत, किंवा डसल्या तरी ती कुणाला सांगत नसे.

साल पंच्याऐंशीच्या आसपास आनंदा जहाजावरून उतरला तो उतरलाच. नवीन बोलावणे येईना. टेपरेकॉर्डर लावून तो दिवसभर ओटीवर पडलेला असायचा. आदल्या पावसाळ्यात तुळसाच्या पोटातले मूल गेले होते आणि तेव्हापासून ती हळदीसारखी पिवळी पडली होती. विहिरीवरून कळशी आणली तरी धाप लागायची. आनंदाने याविषयी कधी अवाक्षर काढले नव्हते. म्हणून एका सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला आणि बोलला, तेव्हा तिच्या हातची भाकरी तव्यावरच राहिली.

"तुज्या अंगात रगत नाय गो," तो म्हणाला. "बोटीवर एकानं मला मधाचं आसव शिकवलान. तुज्यासाठी घालतो. यंदाचा मध दे, आणि ती बरणी दे."

"बरणीत लोणचं हाय."

"काढून ठेव मडक्यात. औषधाला चांगलं भांडं लागतं."

तुळसाने लोणचे काढले. तिने मला स्वतः घासले, हिंगाची धुरी दिली, आणि त्या वर्षीचा सगळा मध आणून त्याच्यापुढे ठेवला. मला पुसताना ती हळूच काहीतरी गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकले नव्हते.

आनंदाने पाणी उकळून निववले, त्यात मध ढवळला, मूठभर मनुका टाकल्या आणि बेकरीतून आणलेले खमीर घातले. हे तो पहिल्यांदाच करत होता. कुठल्याशा बंदरात एका गोऱ्या खलाशाला करताना पाहिले होते तेवढेच. पुन्हा पुन्हा बोट बुडवून चाटत होता. तेवढ्यात बकुळेचा नवरा भिवा आला.

"काय चाललंय?"

"मधाची दारू," आनंदा हलक्या आवाजात म्हणाला. "मांडवीच्या आत्माराम सारंगासाठी. बोटीवर माणसं तोच लावतो. त्येनं शब्द टाकला तर बोट मिळंल. बाटलीतली त्येला कोण पण पाजंल. ही कोण पाजंल?"

"आणि वैनीला?"

"तिला आसव म्हणून सांगितलंय. खरं सांगितलं तर बरणीला हात लावू देईल काय? तिच्या बापाचं ठावं हाय ना तुला."

भिवा हसला. हसावे असे त्यात काय होते, ते मला आजही समजलेले नाही. मित्रांनो, बरणीला तोंड असते ते फक्त भरण्यासाठी. ते बोलण्यासाठी असते तर मी त्याच क्षणी घर डोक्यावर घेतले असते. यमुनाबाईने ज्या हातापासून मला वाचवले होते, तसलाच एक हात माझ्यात घुसळत होता, आणि मी गप्प उभी होते.

माझ्या तोंडावर नुसता सैल फडका टाकून आनंदा तुळसाला म्हणाला, "मी मांडवीला जाऊन येतो. ह्याला हात लावू नकोस." बस्स. आत दारू होणार, तिला फेस येणार, तिचा वारा बाहेर जायला वाट हवी, हे सांगायला हवे होते. पण खोटे बोलणाऱ्याला खुलासा करता येत नाही. तो निघून गेला.

इकडे तुळसा बकुळेला सांगत सुटली. "माज्यासाठी घातलानी. माजं रगत वाढाया." बकुळेला भिवाने काही सांगितले नव्हते, त्यामुळे तीही कौतुकाने माझ्याभोवती फिरून गेली. जाता येता तुळसा माझ्यावर हात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

आणि मग मी फसफसायला लागले.

आता तुम्ही लोणच्याच्या घरात वाढला असाल तर फसफसणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. फेस आला, बुडबुडे आले, आंबूस वास आला की माल नासला. यमुनाबाईने तुळसाला तेच शिकवले होते. तुळसाने फडका उचलला आणि तिचा चेहराच उतरला. तिने बकुळेला हाक मारली.

"नासलं गो ह्या," बकुळा वाकून म्हणाली. "सैल ठेवलान ना, वारा लागला. बापयांना काय कळतंय."

"तेंका यायला अजून चार दिवस हायत," तुळसा म्हणाली. "तवर सगळं जाईल. एवढ्या वर्षांत पयल्यांदा माज्यासाठी कायतरी केलानी. मी ह्या नासू देणार नाय."

तिने मीठ भाजले, निववले आणि मूठभर माझ्यात सोडले. पुन्हा चाखून पाहिले आणि आणखी एक मूठ. मग झाकण लावले. स्वतःच्या पेट्यांतले मेण वितळवून झाकणाच्या फटी बुजवल्या, वर दादरा घातला आणि सुंभाने इतका आवळला की तिच्या बोटांवर वळ उठले. काम चोख होते. लोणचे असते तर दोन वर्षे टिकले असते.

माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. आतून दाब, बाहेरून तिची माया, दोन्हीकडून माझा जीव आवळत होता. एका दुपारी सुंभ तटकन तुटले, झाकण उडाले, वाशावर आपटले आणि त्याचे तुकडे जमिनीवर पडले. फेस भिंतीवर, चुलीवर, तुळसाच्या पातळावर. ती धावत आली ती आधी मला धरायला. माझ्या काठाला टवका गेला होता. त्यावरून तिने बोट फिरवले, जमीन सारवून घेतली आणि उरलेले अर्धेअधिक आसव पुन्हा झाकून ठेवले. निदान एवढे तरी वाचले, असे ती पुटपुटली.

आनंदा परतला तेव्हा त्याच्याबरोबर आत्माराम सारंग होता. पांढरे धोतर, डोळ्याला चष्मा, दिसायला सज्जन. तुळसाला वाटले, नवऱ्याने आपल्याला तपासायला कुणी वैद्य आणला. तिने डोक्यावरून पदर घेतला. आनंदा माझ्यातून पेला भरत होता, तेवढ्यात ती दाराआडून म्हणाली, "औषध नासत हुतं. म्हणून मी मीठ घातलंय."

आनंदाचा हात थांबला. पण आत्मारामने पेला घेऊन तोंडाला लावलासुद्धा. त्याने घोट घेतला, अंगणात थुंकला, आणि मग एवढा हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आनंदा, अरे सगळ्या बंदरांतली प्यालो," तो म्हणाला, "पण मिठाची दारू पयल्यांदा बघितली."

तो माणूस वाईट नव्हता. त्याला काही ठाऊकच नव्हते.

"दारू?" तुळसा म्हणाली.

आनंदा उसळला. "हात लावू नको म्हणून सांगितलं हुतं ना तुला? कोणी सांगितलं हुतं शाणपणा करायला?"

तुळसाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"मला वाटलं, माज्यासाठी हाय," ती म्हणाली.

मग ती आली, मला दोन्ही हातांनी उचलले आणि मागल्या दारी नेऊन सगळे माडाच्या आळ्यात ओतले. धाप लागली होती तरी मध्ये थांबली नाही.

यापुढचे ऐकून तुम्हाला वाटेल मी रचून सांगते आहे. आनंदाला बोट मिळाली. मिठाच्या दारूची गोष्ट आत्मारामने मांडवीत ज्याला त्याला सांगितली. ती ज्याने ऐकली तो हसला आणि आनंदाचे नाव सगळ्यांच्या लक्षात राहिले. चांगली दारू जे करू शकली नसती ते या चेष्टेने केले. वाडीत मात्र तुळसाचे नाव बदलले. कालपर्यंत जी लोणच्याची तुळसा होती ती दारूत मीठ घालणारी तुळसा झाली. तीच माणसे, ज्यांनी माझ्यातली फोड चाटून वाट्या परत केल्या होत्या, ती आता तिला विहिरीवर विचारू लागली, "काय वैनी, चायत पण मीठ घालतेस काय?" आनंदाचे खोटे कुणी आठवणीत ठेवले नाही. तिचे मीठ सगळ्यांनी ठेवले. याचा मला जो राग आहे तो माझ्यासोबतच फुटेल.

तुळसाने मला राखेने घासले, चिंचेने घासले, वाळूने घासले. कितीतरी दिवस उन्हात ठेवले. चैत्रात कैऱ्या आल्या तेव्हा फोडी करून, मीठ भाजून, हिंगाची धुरी देऊन ती माझ्यापाशी बसली. मूठ भरून फोडी घेतल्या आणि टाकण्याआधी वाकून माझ्या पोटात वास घेतला.

मित्रांनो, माझ्या अंगाला कसलाही वास नव्हता. माझ्यासारख्या भाजलेल्या अंगात काही मुरत नाही, ते धुतले की जाते. हे मला तिला ओरडून सांगायचे होते. तिने पुन्हा वास घेतला. फोडी परत परातीत टाकल्या, पदराने डोळे पुसले आणि बकुळेकडून एक प्लास्टिकची बरणी मागून आणली. त्या वर्षीचे लोणचे श्रावणाआधीच बुरसले. त्यानंतर तिने घातलेच नाही. मधपेट्याही कुणाला तरी देऊन टाकल्या.

पुढच्या बोटीवरून आनंदाने परदेशी काचेची एक सुरेख बरणी पाठवली. तिला फिरकीचे झाकण होते. तुळसाने ती न उघडताच बकुळेला दिली. मला तिने पागोळीखाली आणून ठेवले, पण कुणाला देऊ दिले नाही. भंगारवाला आला की ती दारात येऊन उभी राहते.

आणि दरवर्षी कैऱ्या धरल्या की ती माझ्यातले पाणी ओतून टाकते, मला पुसते, तळाशी मूठभर मीठ टाकते आणि आत जाते. आईने मला तिच्याकडे रिकामी दिली नव्हती म्हणून. पावसात ते मीठ विरघळून जाते. तेवढे दिवस कोंबड्या माझ्याकडे फिरकत नाहीत.

मित्रांनो, मोठी माणसे तुम्हाला सांगतील, भांडी जपून वापरा, आपटू नका. त्याचे मला काही नाही. झाकण फुटले तर फुटले, टवका गेला तर गेला, मी अजून पाणी धरते आहे. माझे मागणे एवढेच आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि एखादीकडे तिची बरणी मागाल. तेव्हा बरणीत काय घालणार आहात, ते तिला खरे सांगा. मीठ कुठे घालायचे आणि कुठे नाही, एवढे तिला कळते.