एक इस्पिक

अमरावतीत कोर्टामागच्या गल्लीत इनायतुल्ला जिल्दसाजाचं दुकान होतं. वकिलांची कायद्याची जाडजूड पुस्तकं तिथं बांधायला येत. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात त्या गठ्ठ्यात ब्रिज या पत्त्यांच्या खेळावरचं एक इंग्रजी पुस्तक आलं. इनायतुल्लांना पत्त्यांची भारी हौस, पण इंग्रजी वाचता येईना. नेमका त्याच दिवशी शालिकराम शाळेची फाटकी पुस्तकं घेऊन आला. तो भातकुलीच्या माळ्याचा मुलगा. घरची फुलं-भाजी बाजारात विकत मॅट्रिक झालेला आणि आता शाळेत इंग्रजी शिकवणारा. इनायतुल्लाचाचांनी पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हटलं, एवढं एक पान वाचून दाखव. त्या एका पानाचं पुढं आख्खं पुस्तक झालं, आणि वाचणारा नि ऐकणारा दोघंही भिडू झाले.

वकिलांच्या क्लबात दोन गडी कमी पडले की त्यांना बोलावणं येई. पुढं पुढं तर ते येईपर्यंत वकील खेळ मांडेनात.

ब्रिजमध्ये पानं खेळण्याआधी बोली लावायच्या असतात. आपल्या हातात काय आहे ते भिडूला त्या बोलीतूनच कळवायचं, दुसरा शब्द काढायचा नाही. बहुतेक जोड्यांत दोघंही आपापलं थोडं थोडं सांगत. चाचांनी वेगळीच रीत बसवली. दोघांपैकी एकानं फक्त विचारायचं, दुसऱ्यानं फक्त सांगायचं. विचारणारा प्रत्येक वेळी एकच पायरी वरची बोली लावी. त्या बोलीत बदामाचं नाव येवो की इस्पिकाचं, त्याच्या हाताशी तिचा काही संबंध नसे. तिचा अर्थ एवढाच, की आणखी सांग. मग दुसऱ्यानं कुठल्या रंगाची किती पानं, एक्के किती, राजे किती, हे पायरीपायरीनं सांगत जायचं. ही रीत बसवायला दोघांना सहा वर्षं लागली. पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या वासात, कातड्याच्या तुकड्यांवर पानं मांडून त्यांनी ती घोटली.

एक गोष्ट मात्र चाचांनी पहिल्याच दिवशी बजावली होती. समोरच्यानं बोलीचा अर्थ विचारला तर तो पुरता सांगायचा. "लपवून ठेवली तं ते बोली नाही राहत," ते म्हणाले होते, "तो इशारा होते."

बेचाळीसच्या नाताळात अकोल्याला सामने होते. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पानं ते नाकाशी धरून बघत. हे आपलं शेवटचं वर्ष, असं त्यांनी गाडीत सहज सांगितलं. ते वाक्य शालिकरामच्या मनातून गेलं नाही. यंदाचा चषक चाचांच्या हातात द्यायचाच, असं त्यानं बडनेरा सुटताच ठरवून टाकलं.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या डावाला ते थोडे मागं होते. समोर नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर आणि त्यांचे भाऊ. शालिकरामनं एक बदाम म्हटलं. चाचांनी लगेच वरची पायरी धरली, एक इस्पिक. म्हणजे सांग. शालिकराम सांगत गेला, चाचा विचारत गेले, आणि शेवटी त्यांनी थेट सहा चौकट म्हटलं. चौकट हुकूम धरून तेरापैकी बारा हात करायचे. मागं पडलेल्यांना दुसरा मार्ग नव्हता.

चौकटीचं नाव आधी शालिकरामनं घेतलं होतं, म्हणून डाव तो खेळणार आणि पहिलं पान इंजिनिअरांनी टाकायचं होतं. ते थांबले. शालिकरामकडं वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या भिडूंनी एक इस्पिक म्हटलं. म्हणजे त्यांच्याकडे इस्पिकं आहेत, असं समजायचं ना?"

शालिकरामच्या हातात इस्पिकाची दोनच पानं होती, दोन्ही हलकी. इस्पिक आलं तर डाव बुडण्याची भीती. नाही आलं तर ती पानं दुसऱ्या रंगावर फेकून देण्याची आशा. चाचांकडे इस्पिकं आहेत असं वाटलं तर इंजिनिअर तो रंग टाळणार. भोवती वीसेक माणसं उभी होती. चाचा मिचमिच्या डोळ्यांनी टेबलाकडं बघत होते.

"हो," तो म्हणाला. "इस्पिकं आहेत."

इंजिनिअरांनी मान हलवली आणि किलवराचं पान उपसलं. ते टेबलावर पडण्याआधी चाचांनी हात पुढं केला.

"ठैरा साहेब. माह्या भिडूचं चुकलं. त्या बोलीत इस्पिक नाही. ते निसती विचारणा हाय."

इंजिनिअरांनी किलवर परत हातात घेतलं आणि इस्पिक टाकलं. खेळणाऱ्याच्या भिडूनं पानं उघडी करायची असतात, तशी चाचांनी आपली पानं टेबलावर मांडली, त्यातही इस्पिकाची दोन हलकीच पानं निघाली. पहिले दोन हात तिथंच गेले आणि चषकही गेला. लोक म्हणाले, मास्तर गडबडले, होतं असं. चाचांनी सगळ्यांशी हात मिळवला.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं. मग शालिकरामला राहवेना.

"चाचा, मी तुमच्यासाठी केलं."

"मालूम हाय मले," चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "बोली माही होती, शालिक. तू माह्याच तोंडानं खोटं बोल्ला."

बडनेऱ्याला चाचा एकटेच टांग्यात बसले. शालिकराम फलाटावरच उभा राहिला.

दोन महिने तो लाजेनं दुकानाकडं फिरकला नाही. शेवटी गेला तेव्हा चाचांनी त्याला गादीवर बसवलं, चहा मागवला, घरच्यांची खुशाली विचारली. "तुमी कसे हा मास्तर?" असं विचारलं. सहा वर्षं ज्याला ते शालिक आणि तू म्हणत आले होते, त्याला तुमी. शालिकरामच्या ओठांवर आलेली माफी त्या एका शब्दापाशी अडली. चहा पिऊन तो उठला. पुन्हा या, असं चाचा म्हणाले नाहीत, आणि त्यांनी बोलावल्याशिवाय जायचं कोणत्या तोंडानं, असं म्हणत त्यानं दोन वर्षं काढली. रोज शाळेला जाताना तो ती गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं जाई. एकदा हिय्या करून वळला, तर दुकानाला कुलूप. दृष्टी गेल्यामुळं म्हातारा पातूरला लेकीकडं गेला, असं शेजाऱ्यानं सांगितलं.

त्यानंतरही जायला त्याला चार महिने लागले. पातूरला घर सापडलं. दारात लेक, शहाजादी, आली. त्यानं नाव सांगितलं तशी ती जरा वेळ त्याच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, अब्बांना जाऊन आज अठरा दिवस झाले.

तिनं त्याला आत बसवलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"मी म्हणो, मास्तरले चिठ्ठी धाडू काय?" ती सांगू लागली. "तं अब्बा नाही म्हणत. म्हणत, बोलावलं तं त्या पोराले माफी मांगा लागन. खाली मान घालून बशीन माह्यापुढं. मले नाही पाह्यवत ते. आपल्या मनानं आला, तं निस्त्या गप्पा मारू." तिनं दाराकडं पाहिलं. "दारात कोणाचं पाऊल वाजलं का पुसत, अमरावतीचं कोणी हाय काय म्हणून."

शालिकराम उठायला लागला. तिनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढून ती समोर बसली. त्यानं एक घास मोडला, तो तोंडाशी नेला, आणि हात तसाच खाली आला. त्याचे खांदे हलायला लागले.

पाणी आणते, असं म्हणत शहाजादी उठली. तांब्या भरलेला त्याच्या ताटाशीच होता. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.