ड्रमलाऱ्याचा मेळावा

"सगळा तंबू आडवा झालाय, नोरीन. खांब तेवढे उभे आहेत," युनन दारातूनच म्हणाला.

नोरीन गिलहूली सॉसेज कापत होती. तिने सुरी पुसून ठेवली आणि नवऱ्याबरोबर मैदानावर गेली. वादळाने तंबूच्या चिंध्या केल्या होत्या. जिल्ह्याचा संगीतस्पर्धांचा मेळावा दुसऱ्या दिवशी तिथेच व्हायचा होता. ड्रमलारा या छोट्या आयरिश गावाला असा मान प्रथमच मिळाला होता, तोही नोरीनच्या चिकाटीमुळे.

जिल्हा समितीचा कॅनिस फीनी आधीच हजर होता. "मेळावा शहरातल्या शाळेत हलवतो. तिथे प्रत्येक वाद्याच्या स्पर्धेला वेगळी खोली आहे," तो म्हणाला. "आणि वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुला स्वतःला साधी शिटीही वाजवता येत नाही. स्पर्धा म्हणजे काय, तुला काय ठाऊक?"

"मला गाय पिळता येत नाही, कॅनिस. म्हणून मी चहा कोरा प्यायचा का?"

मैदानावरचे लोक हसले. कॅनिसही ओशाळून हसला. "बरं बाई, संध्याकाळपर्यंत जागा दाखव. नाहीतर हलवतो."

नोरीनला खरंच वाजवता येत नव्हतं. पण गावातली तरुण पोरं बोस्टनला आणि कॉव्हेंट्रीला गेली, वाजवणारी दोन-चार म्हातारी माणसं उरली, तेव्हा आपल्या खाटकाच्या दुकानावरची खोली तिनेच शिकवणीसाठी झाडून काढली होती. पोरांना वाजवायला शिकवणाऱ्या डोंगरावरच्या एका गुरुजींना ती मटणाच्या गाडीतून आणायची आणि परत सोडायची. गावातल्या फिडलांना, म्हणजे व्हायोलिनांना, सॉसेजचा वास येतो, असं शेजारच्या गावचे चिडवायचे. पुढे त्याच फिडलांनी बक्षिसं आणली, तसं त्यांचं चिडवणं थांबलं.

ती घरोघर निघाली. गॅरेजवाल्याने मोटारी बाहेर काढून ढोलवाल्यांना जागा दिली. चर्चमधली मागची खोली हार्पला मिळाली. अंत्यविधीवाला ल्यूक मल्व्ही म्हणाला, "माझा हॉल घे. सध्या तरी कुणी मुक्कामाला नाही."

"कॉन्सर्टिनाची पेटी वाजवणारे घाबरतील रे."

"घाबरू देत. जलद वाजवतील!"

बासरीवाल्यांसाठी तिने आपलंच दुकान ठरवलं. युनन आकड्यांवरचं मांस उतरवू लागला. "आणि गिऱ्हाइकं?" त्याने विचारलं.

"टाळ्या वाजवतील की."

राहिले फिडलवाले. सगळ्यात जास्त तेच होते. मोठी खोली गावात एकच होती, टॅन्सीबाईंची. त्यांचा मुलगा सेनन उत्तम फिडल वाजवायचा. ऑस्ट्रेलियात खाणीतल्या अपघातात तो वारला, तेव्हापासून ती खोली बंद होती. नोरीन त्यांच्या फाटकापर्यंत गेली. हात वर गेला, पण फाटक ढकलवेना. ती मागे वळली.

"नोरीन! सगळ्यांची दारं वाजवलीस, माझं नाही वाजवलंस?" टॅन्सीबाई पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"कोणत्या तोंडाने मागू, बाई?"

"फिडलवाले कुठे बसवलेस?"

"अजून कुठेच नाही."

"मग खिडक्या उघडायला मदत कर. लाकूड फुगलंय, मला एकटीला जमत नाही."

दोघींनी मिळून जोर लावला. खिडकी कर्रकन उघडली. टॅन्सीबाईंनी पियानोवरची चादर काढली, तोंड फिरवून झटकली आणि म्हणाल्या, "खुर्च्या पाठव."

दुसऱ्या दिवशी ड्रमलारा नुसतं घुमत होतं. गॅरेजमधून ढोल, ल्यूकच्या हॉलमधून कॉन्सर्टिना, रिकाम्या आकड्यांखाली बासऱ्या. टॅन्सीबाईंच्या खिडकीखाली तर रस्त्यात उभं राहायला जागा नव्हती. ऐकणारे एका दारातून दुसऱ्या दारात जात होते. नोरीनला मात्र कुठलीच धून धड पुरी ऐकायला मिळाली नाही. चहा, खुर्च्या, हरवलेली पोरं यातच दिवस गेला.

संध्याकाळी कॅनिस फीनी दुकानापुढच्या पायरीवर चढला. "पुढच्या वर्षी जागा कुठे शोधायची याची चर्चा नको," तो ओरडला. "इथेच! आणि तंबूही नको!"

एकच जल्लोष झाला. नोरीन तेव्हा आतून किटली घेऊन बाहेर येत होती. रस्त्यात रील ही नाचाची जलद धून वाजवत बसलेल्यांनी तिला पाहिलं. आधी एक म्हातारा बासरीवाला उठला, मग सगळेच उठले. वाजवणं न थांबवता, उभ्या उभ्या.

"अरे बसा ना. चहा थंड होतोय," नोरीन म्हणाली.

कुणीही बसलं नाही. मग तीही किटली हातात धरून तशीच उभी राहिली आणि ती धून शेवटपर्यंत ऐकली.