ते प्रतीक नाही जी

"वही देते जी, पण पयले वाचून दाखवा. मले वाचता येत नाही," रुक्माबाई म्हणाली आणि वही मांडीवर धरून सरांच्या समोर खालीच बसली.

चैनलाल पटले सर बाजेवर बसले होते. पाण्याचा पेला हातात तसाच होता. तालुक्याच्या गोरेगावहून सहा किलोमीटर मोटारसायकलवर येताना त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, आणि त्यात वाचून दाखवणं कुठंच नव्हतं. वही घ्यायची, दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे आणि निघायचं, एवढाच बेत होता. अंगणात लग्नाचा मांडव अजून उभा होता. सोडायला कोणाचा हात उचलला नव्हता, म्हणून उभा होता, बाकी काही नाही. याच मांडवातून मोठी पोरगी चंचल नांदायला तिरोड्याला गेली आणि अकराव्या दिवशी धाकटी दुर्गेश्वरी याच मांडवाखालून चौघांच्या खांद्यावर गेली. बाप चुन्नीलाल मृत्यूचा दाखला आणायला गोंदियाला गेला होता. घरात आई रुक्माबाई एकटीच होती.

दुर्गेश्वरी पटले सरांच्या अकरावीच्या वर्गात होती. तिनं लिहिलेली कथा कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायची, असं प्राचार्यांनी ठरवलं होतं. वर पोरीचा फोटो आणि खाली पटले सरांचं अर्ध्या पानाचं टिपण, 'कथेतील प्रतीके'. टिपण त्यांच्याशिवाय दुसरं कोण लिहिणार?

कारण प्रतीक म्हणजे पटले सर, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं मराठी शिकवत होते. बाकीचे मास्तर गाईडमधून उतरवून देत, हा माणूस मात्र जीव ओतून शिकवायचा, हे त्यांच्या दुश्मनानंही कबूल करावं. "कथेत नुसतं काही येत नसतं, बाबांनो," असं ते हात हलवून सांगत. "पाऊस आला तर तो पाऊस नाही, कोणाचं तरी रडणं आहे. दार वाजलं तर ते दार नाही." भौतिकशास्त्राचे उमेंद्र सर त्यांना स्टाफरूममध्ये चिडवायचे की पटले सरांच्या चहात माशी पडली तर ते माशी काढणार नाहीत, आधी ती कशाचं प्रतीक आहे ते सांगतील, मग चहा पितील. पटले सरही हसायचे. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

जानेवारीत त्यांनी वर्गाला स्वतःची कथा लिहून आणायला सांगितली. बासष्ट पोरं. साठांनी लाकूडतोड्या आणि तहानलेला कावळा आणून दिला, एकानं मोबाईलवरून उतरवली. स्वतःची म्हणावी अशी कथा एकटीनं लिहिली, तिसऱ्या बाकावरच्या दुर्गेश्वरीनं. वर्षभरात जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता तिनं तीन पानं लिहिली होती. नाव दिलं होतं 'कांडण'.

कथेत एक मुलगी होती. थंडी पडली की तिच्या हाडांत कोणीतरी मुसळ घेऊन कांडायला बसे. ती उशी तोंडात धरून पडून राही. शाळेत रक्त तपासायला लोक आले, त्या दिवशी ती नदीवर पळून गेली. तिच्या डोळ्यांत हळद उतरली, तेव्हा ती मान खाली घालून चालू लागली. आणि हे ती कोणाला सांगत नव्हती, कारण घरात मोठ्या बहिणीचं लग्न जुळलं होतं.

पटले सर खूश झाले. इतके खूश की ती कथा त्यांनी वर्गात फळ्यासमोर उभं राहून वाचली आणि उलगडून दाखवली. मुसळ म्हणजे बाईच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या पुरलेले कष्ट. रक्ताची तपासणी म्हणजे नात्याची परीक्षा. आणि डोळ्यांतली हळद? ती म्हणजे बहिणीचं लग्न पाहून धाकटीच्या मनात जागी झालेली संसाराची ओढ. मागच्या बाकावरची पोरं खिदळली. दुर्गेश्वरी बाकाकडे बघत बसली. वहीखाली सरांनी लाल शाईनं लिहिलं, 'प्रतीकांचा अप्रतिम वापर. दहापैकी दहा.'

तास संपल्यावर ती दाराशी थांबली होती. सरांना तो क्षण आता रोज दिसत होता. पोरीनं वही छातीशी धरली होती आणि ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "सर, ते प्रतीक नाही जी."

सरांनी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नसतं. प्रतीक आपोआप येतं. तू लिहीत राहा."

ती "हो जी" म्हणाली आणि गेली. चहाची वेळ झाली होती, सर स्टाफरूमकडे वळले.

पुढं लग्न झालं. दुर्गेश्वरीनं म्हणे पंगतीत वाढलं, करवली म्हणून मिरवली, पाठवणीला पोटभर रडली. नवव्या दिवशी ताप भरला, छातीत दुखायला लागलं, गोंदियाला नेली आणि दोन दिवसांत संपली. शोकसभेत तिचा मामा बिसराम हात जोडून सांगत होता की डॉक्टर म्हणाले, सिकलसेल आहे, आईबापाकडून रक्तात येणारा, जन्मापासूनचा आहे, पोरीची हाडं दुखत असतील, डोळे पिवळे पडत असतील, कोणालाच कसं बोलली नाही? आता त्या आजाराचं नाव निघालं की सोयरीक मोडते, हे या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मामा बोलत होता आणि पटले सर हातात फुलं घेऊन रांगेत उभे होते. मुसळ, उशी, हळद, सगळं त्यांना ओळीनं आठवलं. त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. बायकोला सांगितलं नाही, उमेंद्र सरांना सांगितलं नाही. सांगणार तरी काय होते?

आणि आता तीच वही रुक्माबाई त्यांच्या हातात देत होती.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. एखादं वाक्य गाळावं, असं दोनदा मनात आलं. या माउलीला काय कळणार होतं? पण गाळलं नाही. मुसळ वाचलं, उशी वाचली, नदी वाचली. रुक्माबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. हळदीपाशी ती म्हणाली, "थांबा जी. हे अजून एकदा वाचा."

सरांनी पुन्हा वाचलं.

"चंचलच्या हळदीच्या दिवशी मीच म्हटलं तिले," रुक्माबाई म्हणाली. "डोये पिवये दिसून राहिले पोरी, हळद गेली वाटते डोयात. जा, धुऊन ये. गेली जी धुवाले. धुऊन आली आन् म्हणे, निघाली आई."

मग ती रडली. आवाज न करता, गुडघ्यांत डोकं घालून रडली. सर बाजेवरून उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.  तिनं तोंड पुसलं आणि वहीवर बोट ठेवलं.

"हे खाली लाल काय लिवलं हाये?"

छान लिहिलंय असं लिहिलं आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही झालं नसतं. दहापैकी दहा गुण ऐकून त्या आईला चार दिवस आधार झाला असता. सरांनी लाल ओळीकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मी लिहिलंय, की तिनं प्रतीकं चांगली वापरली."

"परतीक म्हंजे काय जी?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना हजारदा विचारला गेला असेल. "म्हणजे," ते म्हणाले, "सांगायची एक गोष्ट आणि मनात असते दुसरीच."

रुक्माबाईनं मान हलवली. "नाही जी. माह्या पोरीले असं आडून बोलता येत नव्हतं. भोयीभाबडी होती ते. जे होतं तेच लिवलन तिनं."

"हो," सर म्हणाले. "तिनं मला सांगितलं होतं, बाई. लिहून सांगितलं. दाराशी येऊन तोंडानंही सांगितलं. मी ऐकलं नाही. मी तिलाच शिकवायला लागलो. जानेवारीत सांगितलं होतं तिनं. दवाखान्यात न्यायला दीड महिना होता आपल्याजवळ."

बोलून झालं. आता हिनं शिव्या द्याव्यात, वही फेकून मारावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. रुक्माबाईनं वही ओढून मांडीवर घेतली.

"म्हंजे मले नाही सांगतलन, तुमाले सांगतलन," ती म्हणाली. त्यात राग होता की हेवा, ते सरांना कळलं नाही. "मले वाटे, पोरगी कोणालेच नाही बोलली, मनातच घेऊन गेली. कोणाले तरी सांगून गेली, हे बरं झालं." आणि मग, "पण तुमी त शिकलेले होते ना जी."

 

वही ती देईना. एकदा गेलेली वही परत येते की नाही, कोण जाणे. छापायला तिची ना नव्हती, पण तुमचं ते लाल नको म्हणाली. मग सरांनीच खिशातून पेन काढलं, पिशवीतले दोन कोरे कागद काढले आणि तिथंच मांडी घालून कथा उतरवायला घेतली. अर्ध्या पानाचं टिपण आता लिहायचं नाही, प्राचार्यांना काय सांगायचं ते उद्या पाहू.

उतरवताना त्यांच्या लक्षात आलं की लाल शाई नुसती खाली नव्हती, ओळीओळीत होती. पोरीनं अध्येमध्ये घरच्या बोलीत लिहिलं होतं आणि सरांनी ते सवयीनं शुद्ध केलं होतं. 'मले' खोडून 'मला'. 'काऊन' खोडून 'का'. दुसऱ्या पानावर एका जागी त्यांचं पेन थांबलं. तिथं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'तिची हाडे दुखत होती.' मगाशी त्यांनी तेच वाचून दाखवलं होतं. त्यांनी वहीचं पान उन्हाकडे धरलं आणि लाल रेघेखालचं वाचायचा प्रयत्न केला.

"काय झालं जी?" रुक्माबाईनं विचारलं.

"काही नाही. तिनं दुसरं लिहिलं होतं. मी बदललं."

"मंग तिचंच लिवा."

सरांनी तिचंच लिहिलं. लिहून झाल्यावर रुक्माबाईनं विचारलं, तेव्हा वाचूनही दाखवलं.

"माहे हाडं दुखून राहिले."

"हाव," रुक्माबाई म्हणाली. "असीच बोले ते."